डोकेंदुखीची वही

आमचा मुलगा सहा वर्षांचा असतां त्याचें कपाळ वरचेवर दुखूं लागलें. डॉक्टरांनीं डोळे, दांत, कान तपासले. दोष आढळला नाहीं. हा शाळा चुकविण्याचा बहाणा, असें समजून मी त्याच्यावर रागें भरलों. तेव्हांपासून त्यानें दुखणें सांगणेंच सोडलें. पुढें एका रविवारीं तो अंधाऱ्या खोलींत उशींत तोंड खुपसून पडलेला दिसला. त्या दिवशीं तर शाळा नव्हती! मी ओशाळलों.

मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्हीं एक वही ठेविली. झोप, न्याहारी व दुखण्याची वेळ तींत टिपूं लागलों. दोन महिन्यांत उमगलें कीं, उपाशीपोटीं किंवा जागरण झाल्यावरच दुखणें बहुधा उठतें. ती अर्धशिशीच होती. लहान मुलांत पुष्कळदां सारें कपाळ दुखतें, म्हणून ओळखूं आली नाहीं. हा विकार अनेकदां वंशपरंपरेनें येतो. माझी आई डोक्याला फडकें बांधून स्वयंपाक करी. तिलाही आम्हीं कधीं विचारलें नव्हतें.

दुखण्यानें पहाटे जाग येऊन वांती होऊं लागल्यास विलंब न करितां डॉक्टरांकडे जावें. एरव्हींही, पालकहो, मूल सांगेल तें आधीं खरें मानावें.