तेच नाटक, पाचव्यांदा

ऑगस्टमधल्या भरत नाट्य मंदिराला ओल्या छत्र्यांचा वास असतो. पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी ऐन पावसात येते. सदाशिव पेठेच्या गल्ल्यांतून चालत आलेली मुलंमुली केस झटकत आत शिरतात, हेल्मेटं आणि सॅक मांडीवर घेऊन दाटीवाटीनं बसतात. पडदा उघडायच्या आधी मागच्या रांगांतून आरोळी उठते, ‘अरे, आवाज कुणाचा?’ उत्तरादाखल कॉलेजचं नाव एवढ्या जोरानं येतं की पहिल्यांदा आलेला माणूस दचकून मागे वळतो. तिसरी घंटा झाली की तोच घोळका चिडीचूप होतो. त्या दोन-चार क्षणांच्या शांततेसाठी मी वर्षानुवर्षं त्या खुर्च्यांवर जाऊन बसते आहे.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका संध्याकाळी मी ती एकांकिका पाहिली. पुढच्या तीन वर्षांत तीच आणखी चार वेळा पाहिली. “पुन्हा तेच नाटक?” असं घरात दर वेळी विचारलं गेलं. मी दर वेळी काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन चपला घातल्या. खरं उत्तर मला तेव्हा नीट मांडता आलं नव्हतं. आज प्रयत्न करते.

एकांकिकेची गोष्ट साधी होती. पेठेतला जुना वाडा पाडायचा आहे. एका बिऱ्हाडात आई आणि मुलगा सामान बांधतायत. खाली टेम्पो उभा आहे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. बाकी सगळं बांधून झालंय, प्रश्न उरलाय तो पाट्याचा. नव्या फ्लॅटमध्ये मिक्सर आहे, पाट्याला जागा नाही. आईला तो न्यायचाय, मुलाला ठेवून जायचाय. पाऊण तासभर दोघं त्या पाट्याभोवती बोलत राहतात आणि बोलता बोलता बाप, गेलेली बहीण, भाड्याचे वाद, सगळं वर येतं.

आईचं काम करणारी मुलगी जेमतेम एकोणीस वर्षांची असेल. केसांना पावडर फासलेली, अंगावर कुणाच्या तरी आजीचं नऊवारी, आवाज मुद्दाम खरखरीत केलेला. पाटा थर्माकोलचा होता, काळा रंग दिलेला. आईनं तो रागाच्या भरात एका हातानं उचलला आणि सभागृहात हशा पिकला. पाटा असा पुठ्ठ्यासारखा उचलला जात नाही, हे त्या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मला वाटलं, संपलं आता. पण ती मुलगी थांबली. हशा ओसरू दिला. मग तो हातातला थर्माकोल तिनं दोन्ही हातांत घेतला आणि खाली ठेवायला लागली. गुडघे वाकले, कंबर आधी गेली, मान ताठ राहिली, शेवटच्या बोटभर अंतरावर हात थरथरले. थर्माकोलला वजन आलं. त्यानंतर कुणी हसलं नाही.

पुरुषोत्तमला प्राथमिक फेरीत ५१ संघ असतात आणि अंतिम फेरीत ९ जातात. त्या नवांत हे कॉलेज नव्हतं. निकाल रास्त होता असं माझंही मत आहे. संहिता पसरट होती, मुलाचं काम करणारा पोरगा प्रत्येक वाक्य प्रेक्षकांकडे तोंड करून बोलत होता. ही स्पर्धा महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून घेत आली आहे आणि तिथली शिस्त कडक. २०२२ साली तर परीक्षकांनी करंडकाच्या तोडीची एकांकिका नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नव्हता. अनेकांना तो निर्णय कठोर वाटला. मला मात्र विशीतल्या मुलांचं काम इतक्या गांभीर्यानं तोललं जातं याचा अभिमान वाटला. गोड बोलून पाठ थोपटणारे पुष्कळ भेटतात.

नाटकाची ही गोडी मला मावशीमुळे लागली. १९९४ साली मी बार्शीहून नोकरीसाठी पुण्यात आले, तेव्हा पहिली दोन वर्षं तिच्याकडेच राहत होते. मावशी शाळेत शिकवायची. महिन्याचं सामान भरून झालं की उरलेल्या पैशांत कोणत्या नाटकाची तिकिटं बसतात ते ती रविवारच्या पेपरातल्या जाहिरातींवर पेन्सिलीनं खुणा करून ठरवायची. बालगंधर्वला ती मला पहिल्यांदा घेऊन गेली तेव्हा पायऱ्या चढताना थांबून म्हणाली, “अगं, या जागेचं भूमिपूजन खुद्द बालगंधर्वांनी केलंय. उद्घाटनाला मात्र ते नव्हते.” ते १९६७ साली गेले आणि रंगमंदिर १९६८ च्या २६ जूनला, त्यांच्या जयंतीला, उघडलं. मावशीला असल्या तारखा पाठ असत. मध्यंतरात बटाटेवडा खाताना ती पुढच्या अंकात काय होईल यावर माझ्याशी पैज लावायची.

पण तिचा खरा जीव भरतवर होता. १९७२ च्या १६ डिसेंबरला ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग भरतला झाला. सुरुवातीच्या मोजक्या प्रयोगांपैकी एका प्रयोगाला मावशी होती. लग्न व्हायचं होतं तिचं. माणसांचीच भिंत होते आणि ती भिंत गाते, नाचते, झुलते, मग पाठ फिरवून मागचं सारं झाकून टाकते, हे ती मला स्वयंपाकघरात करून दाखवायची, पोळपाट तसाच टाकून. १९ प्रयोगांनंतर ते सादर करणाऱ्या संस्थेनं नाटक थांबवलं, मग जब्बार पटेल, सतीश आळेकर, मोहन आगाशे आणि त्यांच्या सोबत्यांनी थिएटर ॲकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. मावशीनं ते दुसऱ्यांदा पाहिलं. “तेच होतं, पण तीच माणसं आता जास्त धीट झाली होती,” ती सांगायची. एकच नाटक पुन्हा पाहण्यात काही मिळतं, हे मी प्रथम तिच्या तोंडून ऐकलं.

दुसऱ्यांदा मी ते पाट्याचं नाटक पाहिलं ते २०१७ च्या जानेवारीत, शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर. ती जागा ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते. शंभर-सव्वाशे माणसांत भरून जाईल एवढीच ती. पहिल्या रांगेत बसलं तर नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो आणि त्यालाही तुमची जांभई दिसते. महाराष्ट्र कल्चरल सेंटरनं चालवलेल्या या छोट्या रंगमंचावर पुण्यातल्या कितीतरी नव्या संचांनी आपापली पहिली नाटकं केली. मोठ्या नाट्यगृहाचं भाडं परवडत नाही आणि तेवढी तिकिटंही खपत नाहीत, अशा नाटकांना शहरात कुठेतरी घर लागतं. गिरीश कार्नाडांनी बंगळूरवर लिहिलेलं कन्नड नाटक पुण्यात घडणारं ‘उणे पुरे शहर एक’ होऊन मराठीत आलं, मोहित टाकळकरांनी ते बसवलं, तेव्हा मला जाणवलं होतं की आपण राहतो त्या शहराबद्दलचं नाटक त्याच शहरात बसून पाहताना अंगावर वेगळाच काटा येतो. बाहेर पडलं की तेच रस्ते असतात.

सुदर्शनला मुलांनी एकांकिकेचा दीर्घांक केला होता, सव्वा तासाचा. आणि पाटा खरा आणला होता. कुणाच्या तरी वाड्यातून, दोन मुलांनी स्कूटरवर मध्ये धरून आणलेला. तो जमिनीवर ठेवताना जो आवाज झाला तो माझ्या पायाखाली जाणवला. मुलगी आता पाटा उचलत नव्हती, तिला तो उचलताच आला नसता. ती त्याला ढकलत होती, वरवंटा काढून घेत होती, परत ठेवत होती. केसांतली पावडर गेली होती. आवाजातली खरखर गेली होती. स्वतःच्या एकोणीस-वीस वर्षांच्या आवाजात ती आईची वाक्यं बोलत होती आणि आई जास्त खरी वाटत होती. मुलाचं काम करणारा पोरगा आता प्रेक्षकांकडे बघत नव्हता.

पाटा मात्र मध्ये येत होता. खरी वस्तू एवढी भारी होती की सगळं लक्ष तिनं खाऊन टाकलं. प्रयोगानंतर दिग्दर्शक मुलगा दारात उभा होता, प्रत्येकाला “काय वाटलं?” विचारत. मी त्याला हे सांगितलं. त्यानं मान हलवली, पण त्याला पटलं नव्हतं. तो पाटा आणण्यात त्यांचे दोन दिवस गेले होते, कसं पटावं? तिसरा प्रयोग मी त्याच जागी उन्हाळ्यात पाहिला, तेव्हाही पाटा तसाच होता. त्या वेळी मावशीला बरोबर नेलं होतं. गुडघ्यांमुळे तिचं बाहेर पडणं कमी झालेलं. ती पूर्ण वेळ पुढे वाकून बसली होती. बाहेर आल्यावर रिक्षा मिळेपर्यंत ती एवढंच म्हणाली, “मुलगी छान आहे गं. तिला जरा मोकळं सोडा म्हणावं.”

चौथ्या वेळी, २०१८ च्या दिवाळीनंतर, पाटा नव्हता. परगावच्या एका स्पर्धेला जाताना गाडीत तो दुभंगला आणि दुसरा मिळवायला वेळ नव्हता, हे मला नंतर चहाच्या टपरीवर कळलं. तासाभरावर प्रयोग होता, नुसत्या रिकाम्या जागेभोवती नाटक करायचं ठरलं आणि ते तसंच राहिलं. मला हे काही माहीत नव्हतं. लाइट आला आणि मधोमध एक चौकोनी उजेड पडला, बाकी काही नाही. मुलगी त्या उजेडाच्या कडेला बसली, एक पाय मुडपून, एक पाय लांब. वरवंट्याच्या दोन्ही टोकांना धरावं तसे हात पुढे आले. मागे गेले. खांदे त्यात होते, पाठ त्यात होती. पहिल्या प्रयोगात हशा पिकल्यावर तिनं थर्माकोलला जे वजन दिलं होतं, त्यातूनच हे सगळं निघालं असणार, असं मला वाटलं. दोन वर्षं ते तिच्या अंगात होतं आणि मधल्या काळात खऱ्या दगडानं झाकलं गेलं होतं. मी भरतच्या त्या पावसाळी संध्याकाळी हजर नसते, तर हा प्रयोग मला नुसता चांगला वाटला असता. तो कुठून आला ते दिसलं नसतं.

मोठ्या नावांची नाटकं मीही पाहते, रांगेत उभी राहून पाहते. पण ती आपल्यापर्यंत येतात तेव्हा घडून झालेली असतात. आपल्या गावातलं, आपल्या पेठेतलं नाटक घडताना पाहायला मिळतं. त्यातली माणसं दुसऱ्या दिवशी बसमध्ये दिसतात. मुलाचं काम करणारा तो पोरगा मला पुढे एका औषधाच्या दुकानात काउंटरवर भेटला. त्यानं मला ओळखलं. “तुम्ही नेहमी उजवीकडे बसता ना, कडेला?” त्याला माझी जागा ठाऊक होती. माझ्याही तिथे असण्याचा त्या प्रयोगात थोडा वाटा होता, हे त्या दुकानात, रक्तदाबाच्या गोळ्या घेताना मला उमगलं आणि मन भरून आलं.

पाचवा प्रयोग २०१९ च्या पावसाळ्यात. मावशी त्याच वर्षी मार्चमध्ये गेली होती. आणि ती मुलगी मुंबईला निघून गेली होती, मालिकेत काम मिळालं म्हणून. तिच्या जागी नवी मुलगी. मी जावं की नाही यावर दुपारभर विचार केला. बदली कलाकाराकडे आपण तुलनेच्या नजरेनं पाहतो आणि तो त्या कलाकारावर अन्याय असतो. तरी गेले. उजवीकडे, कडेला बसले. शेजारी एक वयस्कर बाई होत्या, एकट्याच आलेल्या, हातात कापडी पिशवी.

नवी मुलगी अंगानं थोराड, आवाज खालच्या पट्टीतला. जुनी जिथे थांबायची तिथे ही थांबत नव्हती. मला ते सलत होतं. टेम्पोचा हॉर्न, मुलाचं चिडणं, बहिणीचं नाव पहिल्यांदा निघणं, सगळं थोडं घाईनं गेलं. मग तो चौकोनी उजेड आला. ती बसली. हात पुढे, मागे. आणि मग तिनं असं काही केलं जे आधीच्या मुलीनं चारही प्रयोगांत केलं नव्हतं. वाटण पाट्याच्या कडेला आलं की बायका तळहाताच्या कडेनं ते गोळा करून पुन्हा मधे सारतात, तसं तिनं केलं. दोनदा, सहज, मुलाशी बोलता बोलता, त्या हाताकडे न बघता. माझी आई असंच करायची. मावशीही.

शेजारून काहीतरी हललं म्हणून मी पाहिलं. त्या बाईंचे डोळे रंगमंचावर होते. मांडीवरच्या कापडी पिशवीवर त्यांच्या तळहाताची कड अलगद, आतल्या बाजूला, सरकत होती.