भंडारदऱ्याचा मुक्काम आणि काजव्यांची रात्र

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला अहिल्यानगर जिल्हा अवर्षणप्रवण म्हणूनच ओळखला जातो. पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांत पावसाची वाट पाहण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीकडे, दिवसचे दिवस आभाळ दिसत नाही इतका पाऊस पडतो, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. नगरच्या कापड बाजारातून निघालेली मोटार संगमनेर, अकोले, राजूर ओलांडून सुमारे दीडशे किलोमीटरवर शेंडी गावात पोहोचते, तेव्हा जिल्हा तोच असतो. पण माती, झाडे आणि हवा पार बदललेली असते. समोर भंडारदऱ्याचा जलाशय पसरलेला असतो आणि त्यामागे १,६४६ मीटर उंचीचे, राज्यातील सर्वोच्च असे कळसूबाई शिखर उभे असते.

प्रवरा नदीवरील या धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्याला विल्सन धरण म्हणतात. पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून रोज छापून येणारा ११,०३९ दशलक्ष घनफूट हा आकडा याच धरणाच्या साठवणक्षमतेचा. येथून सोडलेले पाणी नदीतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तेथून कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या शेतांत पोहोचते. त्या पाण्यावर ऊस आला, उसावर कारखाने आले, कारखान्यांमागोमाग बाजारपेठा वाढल्या. श्रीरामपूरच्या पेढीवर तीन पिढ्या बसलेल्या अनेक घरांचे खाते खरे तर या जलाशयापाशी उघडलेले आहे. तरीही त्यांपैकी कित्येकांनी शिखरजी आणि पालिताणा अनेकदा केले असेल. भंडारदरा मात्र पाहिलेला नसतो.

पूर्वी येथे राहायचे म्हणजे पर्यटन महामंडळाचे निवासस्थान किंवा सरकारी विश्रामगृह. अलीकडे शेंडीच्या परिसरात आणि जलाशयाच्या काठाने लहान लहान, देखणी हॉटेले झाली आहेत. त्यांच्या पाट्यांवर ‘बुटीक’ हा शब्द असतो. हा शब्द हॉटेलांना चिकटला त्यामागची कथा कापडाच्या व्यापाऱ्याला सहज समजेल अशी आहे. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली इयान श्रेगर आणि स्टीव्ह रूबेल यांनी ‘मॉर्गन्स’ नावाचे छोटे हॉटेल काढले. मोठी हॉटेले ही सर्व काही विकणाऱ्या भल्यामोठ्या भांडारासारखी असतात आणि आपले हॉटेल म्हणजे निवडक मालाचे छोटे दुकान, अशी तुलना रूबेल यांनी केली. खोल्या थोड्या, प्रत्येकीची सजावट वेगळी आणि येणाऱ्याला नावाने ओळखणारे यजमान, एवढाच त्याचा अर्थ. भंडारदऱ्यात हा अर्थ काळा दगड, कौलारू छप्पर, वारली चित्रे, झोपाळा आणि जलाशयाकडे उघडणारी काचेची भिंत अशा रूपात पाहायला मिळतो. काही ठिकाणी ते सुंदर जमले आहे. काही ठिकाणी नुसती पाटीच बुटीक आहे.

धर्मशाळेच्या परंपरेत वाढलेल्या समाजाला या खोल्यांचे भाडे ऐकून प्रथम धक्का बसतो. धर्मशाळेत नकरा अल्प असतो, कारण इमारतीचा भांडवली खर्च कोणा दात्याने आधीच उचललेला असतो, हे सहसा ध्यानात येत नाही. हॉटेलचा हिशेब निराळा. समजा, दहा खोल्यांच्या हॉटेलचा कर्जाचे व्याज, पगार आणि देखभाल मिळून वर्षाचा स्थिर खर्च ६० लाख रुपये आहे. सर्व खोल्या वर्षभर भरल्या तर एका खोलीच्या एका रात्रीवर सुमारे १,६४५ रुपये पडतात. परंतु भंडारदऱ्याचा हंगाम काजव्यांचे दोन-तीन आठवडे, पावसाळ्यातील शनिवार-रविवार आणि दिवाळी-नाताळच्या सुट्या एवढाच. वर्षातून १२० रात्रीच हॉटेल भरले, तर तोच खर्च खोलीमागे ५,००० रुपये होतो आणि त्यात जेवण, वीज, नफा काहीच धरलेले नसते. त्यावर वस्तू व सेवा कर: सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के. एखाद्या दरपत्रकावरचा आकडा साडेसात हजारांच्या अलीकडेच थबकलेला दिसला, तर व्यापाऱ्याला त्याचे नवल वाटू नये. आडवारी दर उतरतात, हेही त्याला सांगावे लागत नाही.

खरी परीक्षा स्वयंपाकघराची. ‘जैन जेवण मिळेल’ हे आश्वासन बहुतेक सर्वत्र मिळते. त्याचा अर्थ कांदा-लसूण वगळणे एवढाच घेतला जातो. बटाटा, गाजर, आले यांचा विचार नंतर सुचतो, आणि तोच झारा, तीच कढई हा प्रश्न तर सुचतच नाही. नवकारसीची अडचण येत नाही. सूर्योदयानंतरची ४८ मिनिटे हॉटेलच्या न्याहारीआधीच उलटून जातात. अडते ते रात्रीच्या जेवणावर. जूनच्या आरंभी येथे सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो आणि हॉटेलची चूल आठनंतरच्या जेवणासाठी पेटते. चौविहार करणाऱ्या आजींसाठी सहा वाजता ताट हवे, उकळलेले पाणी गाळून हवे, हे सकाळीच सांगून ठेवले तर लहान हॉटेलात ते होते. मोठ्या हॉटेलांत हीच विनंती तीन टेबले फिरून परत येते. खोल्या थोड्या असण्याचा खरा लाभ काचेच्या भिंतीपेक्षा येथे अधिक जाणवतो.

ताटात काय यावे, हा विषय याहून रंजक आहे. आचाऱ्याला जैन पाहुणा म्हटले की पनीर आठवते. त्याच स्वयंपाकघरात काम करणारी मुले मात्र आसपासच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांतली असतात. त्यांच्या घरी नागलीची भाकरी, वरईचा भात, हुलग्याचे पिठले, वाल आणि घेवडा शिजतो. त्यात कांदा-लसूण टाळणे कठीण नाही आणि कंदाची गरजही नाही. देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झालेल्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या. त्यांच्या बियाणे-संग्रहात वाल-घेवड्याचे अनेक वाण आहेत. याच तालुक्यात काळभात, जिरवेल असे तांदूळ पिकतात. पनीर नको, गावचे करून द्या, असे सांगितल्यावर पहिल्यांदा आचारी गोंधळतो. मदतनीस मुलगा मात्र हसतो आणि पुढचे ताट जमून येते.

आणि मग काजवे. मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत घाटघर, पांजरे, मुरशेत, रतनवाडीच्या रानात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडे रात्री लुकलुकू लागतात. एका फांदीवर प्रकाश उमटतो, तो झाडभर पसरतो, मालवतो, पुन्हा उमटतो. हॉटेलांच्या हंगामातील सर्वांत महाग रात्री याच.

काजवा हा भुंग्याच्या कुळातला कीटक. जैन परिभाषेत माशी-पतंगासारखा चतुरिंद्रिय जीव. त्याची अळी कित्येक महिने माती-पालापाचोळ्यात गोगलगायींसारख्या जीवांवर जगते. प्रौढ काजव्याला मोजकेच आठवडे मिळतात आणि त्या अवधीत नराने प्रकाशाच्या खुणेने मादीला शोधायचे असते. मादी पुष्कळदा गवतात किंवा खालच्या झुडपांवर बसलेली असते. दर्शनाला आलेल्यांच्या गाड्यांचे दिवे त्या खुणा पुसतात आणि गवतात शिरलेले पाय तिलाच चिरडतात. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो; वन विभाग दर हंगामात प्रवेशाचे नियम घालतो. शनिवारच्या रात्री मोटारींची रांग लागली की ते नियम पाळून घेणे कठीण होते.

चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवतात, कारण भिजलेल्या जमिनीवर पावलोपावली जीव असतो. काजव्यांचा काळ त्याच्या अगदी उंबरठ्यावर येतो. इरियावहियं म्हणताना येता-जाता दुखावलेल्या एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतच्या जीवांची क्षमा मागणाऱ्या घरातील मुलांनी रात्री गवतात धावत जाऊन काजवा मुठीत धरावा, ही विसंगती आजींच्या नजरेतून सुटत नाही. तरुणांचे म्हणणेही अगदीच टाकाऊ नसते: पर्यटक आले म्हणून पांजऱ्याच्या घरांत चार पैसे आले आणि झाडे तोडण्यापेक्षा राखणे परवडू लागले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र येणे आणि तुडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जयणेची शिकवण नेमकी तेथेच लागू पडते.

उतारावर बांधलेल्या काही लहान हॉटेलांची सोय येथे कामी येते. अंगणातील दिवे मालवले आणि पडवीत शांत बसले, तर समोरच्या रानातले झाड मोटार न काढताही दिसते. कडेचे, दूरचे, थोडे कमी दाट. परंतु आजींसह सर्वांना दिसते. झाडांवर रंगीत दिव्यांच्या माळा सोडणारी हॉटेलेही आहेत. तेथे काजवे पाहायला बाहेरच जावे लागते. म्हणून खोली नक्की करताना फोनवर दोनच प्रश्न विचारावेत: संध्याकाळी सहाला ताट मिळेल का, आणि साडेसातनंतर बागेतले दिवे बंद ठेवता का? पहिल्याला ‘हो’ सगळेच म्हणतात. दुसऱ्याला उत्तर देण्यापूर्वी व्यवस्थापक क्षणभर थांबला, तर दुसरीकडे चौकशी करावी.