चोरबाजारातील दोन सकाळी

आमच्या आप्पांचे मनगटी घड्याळ 'फेवर ल्युबा' कंपनीचे, 'सी किंग' नावाचे होते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ते घेतले. चामड्याचा पट्टा आमच्या घरात चालत नसे, म्हणून त्याला आरंभापासून स्टीलची साखळी होती. आप्पा गेल्यानंतर ते माझ्या कपाटात आले. गतवर्षी पुण्यातील एका संग्राहकांनी छायाचित्रे पाहून त्याला चांगली किंमत देऊ केली. धाकट्या बंधूच्या कन्येच्या वसतिगृहाचा तीन-चार महिन्यांचा मेसचा खर्च निघाला असता, इतकी. त्यांचा प्रश्न एकच होता : तबकडी मूळचीच आहे ना? धाकटा म्हणाला, "दादा, हो म्हणून कळवून टाक." मला ते उत्तर देता येईना. ते मला ठाऊकच नव्हते. मुंबईस एका विवाहाला जायचे होतेच. घड्याळ खिशात टाकले.

जुन्या घड्याळांची पारख मुंबईच्या चोरबाजारात होते, असे अनेकांनी सांगितले होते. भेंडीबाजारालगतच्या या बाजाराचा मुख्य रस्ता म्हणजे मटन स्ट्रीट. हे नाव उच्चारताना आमच्यासारख्यांची जीभ किंचित अडखळते. पण प्रत्यक्षात तेथे विकले जाते ते ग्रामोफोन, झुंबरे, पितळी कुलुपे, जुनी चित्रपट-भित्तिपत्रके आणि घड्याळे. शुक्रवारी पहाटे मी सँडहर्स्ट रोड स्थानकावर उतरलो व चालत निघालो. पोहोचल्यावर कळले की शुक्रवारी येथील दुकाने बंद असतात. त्याऐवजी रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. उजाडण्यापूर्वीच विक्रेते चादरी अंथरतात आणि गिऱ्हाईक विजेरीच्या उजेडात माल उचलून पाहते. एका चादरीवर बंद पडलेल्या इस्त्र्या, भ्रमणध्वनींचे चार्जर आणि त्यांच्यामध्ये चाळीसेक मनगटी घड्याळे ढिगाने पडली होती.

त्या ढिगात 'एचएमटी' बहुसंख्य. 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे या सरकारी कारखान्यात घड्याळे बनू लागली. 'जनता', 'पायलट', 'सोना', 'कांचन' ही नावे आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या लग्नांच्या आहेरांत असतील. 2016 च्या जानेवारीत केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली, आणि जी घड्याळे फडताळात धूळ खात होती त्यांना शोधणारे लोक एकाएकी निर्माण झाले. देवनागरी आकड्यांच्या 'जनता'ला तर विशेष मागणी. मात्र चादरीवर निळ्या, नारिंगी, पोपटी तबकड्यांचे जे 'पायलट' चकाकत होते, ते त्या रंगांत कारखान्यातून कधीच बाहेर पडले नव्हते. जुने यंत्र, नवी छापलेली तबकडी, तिसऱ्याच घड्याळाचे काटे. अशा जुळणीला जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचे नाव असे वापरले जाते, हे ऐकून मला वाईट वाटले. खोटे मात्र म्हणता येईना.

शनिवारी सकाळी पुन्हा गेलो. एका अरुंद दुकानात वृद्ध चाचा डोळ्याला भिंग लावून बसले होते. मी विकायला नव्हे, समजून घ्यायला आलो आहे, असे सांगितले, तेव्हा त्यांनी चहा मागवला. त्यांनी प्रथम पाठीचे झाकण उघडले. आत 253 क्रमांकाचे यंत्र. शक्ती साठवणाऱ्या स्प्रिंगच्या दोन डब्या शेजारी-शेजारी दिसत होत्या. एकीऐवजी दोन असल्याने चावीचा जोर समान मिळतो आणि यंत्र पातळ ठेवता येते. "मशीन असली है," ते म्हणाले. मग केसच्या कडांवरून नख फिरवले. वारंवार पॉलिश केलेल्या घड्याळाच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. आप्पांच्या घड्याळाच्या कडा धारदार होत्या. ओरखडे पुष्कळ होते, पण ओरखड्यांनी संग्राहक विचलित होत नाही.

शेवटी तबकडी. चाचांनी भिंग माझ्या हाती दिले आणि गल्ल्यातून दुसऱ्या 'सी किंग'ची सुटी तबकडी काढून शेजारी ठेवली. त्यानंतर काही विचारण्याची गरज उरली नाही. मूळ तबकडीवरील अक्षरे केसासारखी बारीक व काठाशी स्वच्छ. आमच्या तबकडीवरची जाड आणि किंचित फुगलेली. मिनिटांच्या रेघा काही ठिकाणी खुणांना भिडल्या होत्या, काही ठिकाणी सुटल्या होत्या. कंपनीचे वाळूच्या घड्याळासारखे चिन्ह एका बाजूस कलले होते. सहाच्या आकड्याखाली 'स्विस मेड' ही अक्षरे असावयास हवीत. तेथे काहीच नव्हते. आपल्या दमट पावसाळ्यात तबकडीवरील वार्निश काळवंडते. मग मालक ती रंगवून घेत. त्या काळी तो घड्याळाचा सन्मानच होता. आज संग्राहकाच्या लेखी डागाळलेली पण मूळची तबकडी कितीतरी मोलाची, आणि नवी कोरी दिसणारी रंगवलेली तबकडी जवळजवळ दोषच.

हा व्यवहार मला प्रथम चमत्कारिक वाटला. पण त्यामागे तर्क आहे. अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना 2017 साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 1 कोटी 77 लाख डॉलरना गेले. त्या जातीच्या तबकड्या नव्या असताना गिऱ्हाइकांना फारशा आवडल्या नव्हत्या. म्हणून त्या थोड्याच विकल्या गेल्या, म्हणून आज दुर्मीळ. शिवाय पत्नीने पाठीवर कोरून घेतलेला, जपून गाडी चालवण्याचा संदेश तसाच होता. कोणाच्या हातून कोठे गेले हे सांगता येत होते. किंमत होती ती या अखंड साखळीची. सोन्याने मढवलेली कितीतरी घड्याळे त्या मानाने कवडीमोल ठरतात.

चाचांनी हळूच विचारले, "ये असली डायल लगा दूँ? फोटो में कोई नहीं पहचानेगा." मी विचारले, मग घड्याळ मूळचे होईल का? ते हसले. "डायल असली, घड़ी असली, लेकिन जोड़ी असली नहीं."

मी घड्याळ परत खिशात ठेवले. चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

त्या रात्री धाकट्याला दूरध्वनी केला. तबकडी रंगवलेली आहे, हे ऐकून तो काही वेळ बोललाच नाही. नंतर म्हणाला, "दादा, मला ठाऊक होते. ताईच्या लग्नाआधी आप्पांबरोबर मीच गेलो होतो. तुम्ही तेव्हा नोकरीवर होता." 1984 सालची गोष्ट. तबकडी पार काळी पडली होती आणि व्याह्यांसमोर असे घड्याळ कसे घालावे, हा आप्पांना प्रश्न. कारागिराने आठ दिवस घेतले. ते आठही दिवस आप्पा रिकामे मनगट वर करून पाहत आणि मग धाकट्यालाच वेळ विचारीत.

"मग मला हो म्हणून कळवायला का सांगितलेस?" मी विचारले.

"महिनाअखेर होती, दादा."

मी संग्राहकांना सारे लिहून कळवले. भिंगातून घेतलेले तबकडीचे छायाचित्रही सोबत जोडले. धाकट्याच्या सांगण्यावरून लग्नाची हकिकतही लिहिली. तिसऱ्या दिवशी उत्तर आले. त्यांनी आभार मानले होते आणि किंमत निम्म्याहून खाली आणली होती. त्यांचे काही चुकले नाही. घड्याळ अद्याप माझ्या कपाटात आहे. पुतणीच्या मेसचे पैसे आम्ही दोघांनी मिळून भरले.