बावीस हजारांचे कान

संगीताच्या बाबतीत बडोदेकर माणूस थोडा आढ्यताखोर असतो. ज्या गावात १८८६ साली सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपविली, जेथे १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि जेथे १९५० साली आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँ यांनी अखेरचा श्वास घेतला, त्या गावचे आपण. तेव्हा सुरांतले आपल्याला उपजतच कळते, असा आमचा पिढीजात समज. अशा माणसाला कोणी सांगितले, की तुमच्या कानांत जे आहे ते गाणे नव्हेच, खरे गाणे ऐकायला बावीस हजारांचे इअरफोन लागतात, तर त्याने काय करावे?

हे सांगणारा माझा नातू. बंगळूरला नोकरीस लागून त्याला दोन वर्षे झाली. मागल्या दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, ''आजोबा, या वर्षीच्या बोनसातून तुमच्यासाठी असेच घेणार. आधी ऐकून तर पाहा.'' आणि स्वतःची जोडी आठ दिवस माझ्या स्वाधीन करून तो मित्रांबरोबर कच्छला निघून गेला. माझ्यापाशी रावपुऱ्यातील एका दुकानातून घेतलेली तेराशे रुपयांची जोडी होती. दोन्ही तारेच्याच.

मला इअरफोन लागतात त्याला कारण आहे. सौ.च्या आजारपणापासून रात्री नऊनंतर आमच्या घरात रेडिओसुद्धा लागत नाही. तिची झोप हलकी, आणि माझी पहाटे तीनलाच संपते. तीन ते सहा हे तीन तास पूर्वी नुसते छताकडे पाहण्यात जात. आता त्या वेळी मी गाणे ऐकतो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला बावीस हजार ही काही किरकोळ रक्कम नव्हे; आणि पैसे नातवाचे असले, म्हणून ती लहान होत नाही.

मी ऐकतो ते बहुतेक जुने. वडिलांच्या चावीच्या ग्रामोफोनवर वाजत असे तेच: फैयाज खाँचा नट बिहाग, जौनपुरी, भैरवीतील ठुमरी, आणि काही काळ बडोद्याच्याच दरबारी चाकरीत असलेले अब्दुल करीम खाँ. या अब्दुल करीम खाँचे उदाहरण आमच्या प्रश्नाला फार उपयोगी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी ज्या ध्वनिमुद्रिका दिल्या त्या भोंग्यासमोर गायलेल्या, १९३०नंतरच्या मायक्रोफोनसमोर. मनुष्याचा तरुण कान सेकंदास सुमारे वीसपासून वीस हजारांपर्यंतची कंपने ऐकतो. भोंग्याच्या पद्धतीत त्यांतली वरची मजल जेमतेम अडीच हजारांच्या आसपास. १९२५ साली विजेची पद्धत आल्यावर ती पाचसहा हजारांपर्यंत गेली. म्हणजे जुन्या तबकडीत जे उतरलेच नाही, ते कोणत्याही किमतीच्या यंत्रातून बाहेर येणार नाही. वडिलांनी फैयाज खाँना समोर बसून ऐकले होते. तबकडी संपली की ते म्हणत, ''तासाभराचा राग तीन मिनिटांत कोंबलाय, त्याला खाँसाहेब तरी काय करणार?'' त्या उरलेल्या सत्तावन्न मिनिटांची सोय बावीस हजारांतही नाही.

तरीही आठ दिवस मी दोन्ही जोड्या आलटून पालटून, वहीत टिपणे करीत ऐकल्या. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर महागड्या जोडीचे गुण मला दिसले. कुमार गंधर्वांच्या लाँगप्ले तबकडीवरून उतरविलेले गाणे लावले, तेव्हा तंबोऱ्याच्या तारा एकमेकींपासून सुट्या झाल्या. षड्जाची जवारी संपता संपता पंचम कोठून उगवतो हे जणू बोटाने दाखविता आले. तेराशेच्या जोडीत हाच तंबोरा एक गुळमट गुणगुण होऊन राहतो. फैयाज खाँच्या तबकडीवर मात्र दोहोंत फरक एवढाच, की महागात सुईची खरखर अधिक स्वच्छ ऐकू आली! नातू परत आल्यावर त्याला ती ऐकविली, तर तो कानांतून काढूनच मोकळा झाला. त्याच्या चोविशीच्या कानांना ती जितकी बोचली, तितकी माझ्या बहात्तरीच्या कानांना बोचत नाही. वयाने बसविलेली ही गाळणी मला फुकट मिळाली आहे.

दुसरा एक शोध लागला तो रबरी टोपीचा. कानात घालायच्या इअरफोनच्या टोकाला जी मऊ टोपी असते, ती कानाच्या वाटेत घट्ट बसली नाही तर खर्ज गळून जातो. मग आतले यंत्र कितीही किमती असो. स्वस्त जोडीबरोबर तीन मापांच्या टोप्या आल्या होत्या, त्या डबीतच पडून होत्या. मोठ्या मापाची चढविल्याबरोबर डग्ग्याला पोट आले. आणि बाहेरचा गलका कमी झाला, म्हणून आवाजही दोन घरे खाली ठेवता आला. हे महत्त्वाचे आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास, एवढी मर्यादा घालून देते. त्यावर दर तीन डेसिबलना वेळ निम्मा करावयाचा. ८३ झाले की २० तास, ८६ झाले की दहाच. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर नऊ रात्री उभे राहणाऱ्या आमच्या गावाने हा हिशेब एकदा करावा असे वाटते, पण ते जाऊ द्या.

किमतीविषयी मी नातवाशी वाद घातला तो केवळ म्हातारपणाच्या हट्टाने नव्हे. २०१७ साली जेरोन ब्रीबार्ट नावाच्या संशोधकाने २८३ हेडफोन मोजून पाहिले आणि त्यांची किंमत व खालच्या-वरच्या सुरांना ते देत असलेला उठाव यांचा परस्परांशी काही संबंध नाही, असे प्रसिद्ध केले. नातू म्हणाला, ''पण आजोबा, तंबोरा सुटा ऐकू आला ना?'' आला. ते मी नाकारीत नाही. ज्याचे कान तरुण आहेत, जो आजचे निर्मळ ध्वनिमुद्रण ऐकतो आणि ज्याला ते ऐकताना दुसरे काही ऐकावयाचे नाही, त्याने बावीस हजार अवश्य द्यावेत.

मला मात्र दुसरेही ऐकावयाचे असते. आठांपैकी पाचव्या पहाटे सौ.ने पाण्यासाठी हाक मारली. दोन्ही कान त्या उत्तम जोडीने उत्तम बंद झालेले. मला पत्ताच नाही. तिने भिंतीवर पेला आपटला तेव्हा हादरा जाणवून उठलो. बिनतारी जोड्यांत हल्ली बाहेरचा आवाज आत घेण्याची सोय असते, पण या जातीच्या जोड्यांचा मोठेपणाच मुळी बाहेरचे जग तोडून टाकण्यात. त्याच आठवड्यात कानांची तपासणी करून घेतली. चार हजार कंपनांच्या पुढे दोन्ही कानांचा आलेख उतरतो. डाव्याचा बराच, उजव्याचा थोडा. तपासणाऱ्या बाईंनी सांगितले, की या वयात हे असेच व्हायचे, आणि स, श, फ अशी अक्षरे आधी पुसट होतात. सौ. म्हणाली, ''मग माझे नाव तरी बदलू या.'' तिचे नाव 'स'ने सुरू होते.

नातवाला मी नाही म्हटले. तो हिरमुसला, दोन दिवस 'बोनस तसाच पडून राहील' वगैरे बोलला, आणि शेवटी मला हव्या त्या मापाच्या टोप्यांची एक पुडी तेवढी घेऊन आला, साडेतीनशे रुपये. त्याच्या आईने ''चालो, पती गयुं'' म्हणून विषय मिटविला.

जुन्या तबकड्या साऱ्या एकमार्गी ध्वनीच्या. दोन्ही कानांत तोच आवाज येतो, तेव्हा एका कानाने ऐकले तरी सुरांतले काही हरवत नाही. नव्या ध्वनिमुद्रणासाठी फोनमध्ये दोन्ही बाजू एक करण्याची सोय आहे, ती नातवाने लावून दिली. पहाटे तीनला मी डाव्या कानात मोठ्या मापाची टोपी बसवितो; खाँसाहेबांच्या तबकडीत जेवढे आहे, त्यातले फारच थोडे त्या कानाला कमी पडते. उजवा चांगला, तो सौ.च्या खोलीकडे उघडा असतो.