येण्याचे कारण

दादर स्थानकात तुतारी एक्स्प्रेस थांबली तेव्हा पुरते उजाडले नव्हते. केशवसुतांच्या कवितेचे नाव २०१७ साली या गाडीस मिळाले. ती कविता वर्षानुवर्षे वर्गात शिकविलेले सावंतवाडीकडील एक निवृत्त गुरुजी पत्नीसह त्या गाडीतून उतरले. मुंबईत त्यांचे कोणी नव्हते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात बाईंची तपासणी व्हावयाची होती. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयाकडे देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी येतात, आणि जवळपासच्या साध्या लॉजमध्ये त्यांचे नातलग पथारी टाकतात.

अशाच एका लॉजमध्ये व्यवस्थापकाने नोंदवही पुढे केली. नाव, गाव, वय हे रकाने गुरुजींनी वळणदार अक्षरांत भरले. 'येण्याचे कारण' या रकान्यापाशी मात्र त्यांची लेखणी थबकली. "पोटाची साधी तपासणी आहे," एवढेच त्यांनी बाईंना सांगितले होते, आणि त्या शेजारीच उभ्या होत्या. व्यवस्थापकाने दोघांकडे एकवार पाहिले, वही आपल्याकडे ओढली आणि स्वतःच लिहिले : 'खासगी काम'.

खोली वरच्या मजल्यावरची ठरली होती. पण बाईंची चाल पाहून त्याने तळमजल्याची किल्ली दिली. दोन खाटा, एक कुरकुरणारा पंखा, पोपडे आलेली भिंत. चादरी तेवढ्या स्वच्छ. आयुष्यभर गावातल्या लोकांचे अर्ज लिहून देणारे गुरुजी स्वतः कोणापुढे शब्द टाकावयास फार कचरत. येथे त्यांना तो टाकावाच लागला नाही. रात्रपाळी संपवून घरी निघालेला पहारेकरी वाट वाकडी करून रुग्णालयापर्यंत आला आणि नोंदणीची रांग दाखवून गेला.

बाईंना अन्न जात नव्हते. खोल्या झाडणारा बिहारचा तरुण मोडक्या मराठीत म्हणाला, "मावशी, काय खाणार?"

"पेज."

हा पदार्थ त्याने कधी ऐकला नव्हता. बाईंनी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून त्याला सारे सांगितले : तांदूळ किती, पाणी किती, मीठ केव्हा. पेज चिकट झाली. तरी बाईंनी वाडगा रिकामा केला. दोन दिवसांत त्यांच्या पोटात गेलेले पहिले अन्न ते!

तिसऱ्या दिवशी हिशेब झाला. पेजेचे पैसे लावलेले नाहीत हे गुरुजींच्या लक्षात आले. हिशेबात चूक राहिलेली त्यांना कधीच खपत नसे.

"पेजेचा दर आमच्या फलकावर नाही, गुरुजी," व्यवस्थापक म्हणाला.

अहवाल आठवड्याने मिळणार होता, तेव्हा पुन्हा येणे आलेच. पुढच्या मंगळवारसाठी तीच खोली राखून ठेवताना त्याने वही उघडली. नाव लिहिले, गाव लिहिले, आणि या वेळी त्याचीच लेखणी थांबली. गुरुजी रस्त्याकडे पाहू लागले.

"कर्करोगाचा उपचार, असे लिहा भाऊ," बाई शांतपणे म्हणाल्या. "दवाखान्यावरची पाटी मला वाचता येते."

कोणी काही बोलले नाही. तरुणाने पिशवी उचलून टॅक्सीत न ठेवता तशीच हातात धरली होती. बाई त्याच्याकडे वळल्या.

"पुढच्या खेपेस उकडे तांदूळ घेऊन येते, बाळा. मग बघ, तुझी पेज चिकटायची नाही."

टॅक्सी आली होती.