शेजारी निवडताना

मागच्या वर्षी खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पिकासो ट्रिगर आणला. फूटभर वाढणारा, तोंडाने दगड-वाळू उचलून स्वतःचं घर मांडणारा गडी. एकदम राजा! सहा महिन्यांनी वाटलं, बिचारा एकटा पडलाय. म्हणून लायनफिश आणला. विषारी काटे आहेत, त्याच्या वाटेला कोण जाणार, असा माझा हिशोब.

हिशोब चुकला. लायनफिश संथ, त्याचे पर झालरीसारखे लांब. आणि ट्रिगरला दिसेल ते कुरतडायची खोड. आठवड्यात झालरीच्या चिंध्या. एका सकाळी तो तळाशी आडवा पडलेला. ऑफिसात दिवसभर लक्ष लागलं नाही.

नंतर कळलं की 'आक्रमक' हा एकच प्रकार नसतो. लायनफिश तोंडात मावेल ते गिळतो, ट्रिगर हद्दीसाठी भांडतो. ट्रिगरला शेजारी हवा तो त्याच्याच आकाराचा, चपळ आणि दिसायला वेगळा. शिवाय भांडखोर मासा सगळ्यात शेवटी सोडायचा, किंवा निदान नवा मासा सोडताना दगड हलवून जुनी हद्द मोडायची. मी नेमकं उलटं केलं.

असो. सध्या ट्रिगर एकटाच आहे आणि मजेत आहे. एकटं बहुतेक मलाच वाटत होतं.