डाव्या बाजूचं पथ्य

मधुमेहाचं निदान झालं की ताटाविषयी जो सल्ला मिळतो, त्यात दोन वाक्यं जोडीनं येतात: भात-पोळी कमी करा, भाज्या वाढवा. पहिल्या वाक्याला बहुतेकांची मान डोलते. दुसऱ्यापाशी काहींचा चेहरा उतरतो. दोडका, दुधी, पडवळ, कोबी, पालक यांतलं काहीच ज्याच्या घशाखाली उतरत नाही, ज्याच्या लेखी भाजी म्हणजे बटाटा, आणि तोही नसेल तर आमटीत पोळी बुडवून जो निमूट उठतो, असा एखादा माणूस आपल्याकडच्या बहुतेक घरांत सापडतो. दुसरं वाक्य आपल्याच्यानं होणार नाही हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो पहिलंही सोडून देतो. पथ्य मोडल्याचं खापर मग दुधी-दोडक्यावर फुटतं. माझं म्हणणं असं की ही दोन वाक्यं एकमेकांवर अवलंबून नाहीत. जेवणानंतर चढणारी साखर आवरण्याचं मुख्य काम पहिलं वाक्य करतं. दुसरं उपयोगाचं आहे, पण त्याच्यावाचून पहिल्याचं अडत नाही. आणि ज्याला भाजी नकोशी वाटते त्यालाही ते पाळण्याच्या वाटा आपल्याच स्वयंपाकात आहेत.

कर्बोदकं तोडण्याच्या पथ्याचा इतिहास भाज्यांना फारसा अनुकूल नाही, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. १७९७ साली जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी शल्यवैद्यानं मधुमेहाच्या दोन रुग्णांची हकीकत छापली. शरीरातली जास्तीची साखर वनस्पतिजन्य अन्नातून पोटात तयार होते, अशी त्याची समजूत होती. म्हणून त्यानं कॅप्टन मेरेडिथ नावाच्या रुग्णाला दूध, रक्त आणि चरबी घालून केलेले पुडिंग, जुनं मांस, खवट चरबी असं काहीबाही खाऊ घातलं. हे अन्न वाचूनच भूक मरावी. पण मेरेडिथला उतार पडला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी रुग्णांना जवळजवळ उपाशी ठेवण्याची पद्धत रूढ केली. तीत भाज्या होत्या, पण कशा? तीनदा पाणी बदलून उकडलेल्या, म्हणजे त्यांतली उरलीसुरली कर्बोदकंही धुऊन टाकलेल्या. पोटात काहीतरी पडल्याचं समाधान एवढंच त्यांचं काम. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं आणि ही उपासमार संपत गेली. रोलो किंवा ॲलन यांच्या ताटाकडे परत जावं असं यातून मुळीच निघत नाही. निघतं ते इतकंच की कर्बोदकं कमी करणं आणि भाजी खाणं या दोन कामांची सांगड मागाहून पडलेली आहे.

आता आपलं ताट घेऊ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम गव्हाच्या कणकेत सुमारे ६४ ग्रॅम कर्बोदकं आहेत, ज्वारीत ६८, नाचणीत ६७, बाजरीत ६२ आणि पॉलिश केलेल्या तांदळात ७८. तीस ग्रॅम कणकेच्या पातळ पोळीत एकोणीस-वीस ग्रॅम कर्बोदकं येतात. तीन पोळ्या आणि अर्धी वाटी तांदळाचा भात मिळून शंभरीच्या आसपास पोचतात. या हिशेबात वाटीभर दुधीची भाजी कुठे बसते? तिच्यात जेमतेम चार-पाच ग्रॅम. म्हणजे भाजी खाल्ल्यानं साखर वाढत नाही हे खरं, पण नुसती भाजी खाल्ल्यानं ती कमीही होत नाही. कमी होते ती भाजीनं एखादी पोळी ताटाबाहेर ढकलली तर. आणि आपल्या जेवणात भाजी पोळीला ढकलत नाही, उलट ती पोळी खाण्याचं निमित्त असते. भाजी चविष्ट झाली की दोन पोळ्या जास्त जातात आणि करणारीला ती पावतीही वाटते. ‘भात सोडला, आता भाकरीच खातो’ असं समाधानानं सांगणाऱ्यांसाठीही वरचे आकडे बोलके आहेत. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कर्बोदकांच्या दृष्टीनं फार अंतर नाही. शिवाय भाकरीला पीठ पोळीच्या दुप्पट लागतं. भाजी न आवडणाऱ्याचं खरं दुखणं हे की तिची रिकामी जागा तो पोहे, बटाटा आणि उपासाच्या साबुदाण्यानं भरतो, आणि साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीनं २०२३ साली देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्याच पाहणीतल्या सुमारे १८,००० प्रौढांच्या आहारावरून अभ्यासकांनी एक वर्ष आधी सुचवलं होतं की ऊर्जेतला कर्बोदकांचा वाटा निम्म्याच्या आसपास आणावा आणि प्रथिनांचा २० टक्क्यांच्या आसपास न्यावा. हा फार कडक आग्रह नव्हे. त्याहून कडक, म्हणजे दिवसाला १३० ग्रॅमांहून कमी कर्बोदकांच्या आहाराचे २३ प्रयोग ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं २०२१ साली एकत्र तपासून मांडले. सहा महिन्यांनी अशा आहारावरच्या ५७ टक्के लोकांचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप, साडेसहाच्या खाली होतं, तुलनेच्या गटात ३१ टक्क्यांचं. वर्षभरानं मात्र हा फायदा बराच ओसरला. या ओसरण्याकडे विरोधक बोट दाखवतात आणि ते रास्त आहे. मला त्यात वेगळंच दिसतं. लोक पथ्य करू शकतात, ते टिकवू शकत नाहीत. जे गिळवत नाही ते सहा महिने नेटानं गिळता येतं, जन्मभर नाही. म्हणून ‘भाजी खायलाच हवी’ असा दंडक घालून कर्बोदकं कमी करायला सांगणं हा पथ्य मोडण्याचा हमखास मार्ग. पोळीची जागा घेण्यासाठी भाजीच लागते असं कुठे आहे? एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं आणि कर्बोदकं एक ग्रॅमही नाहीत. बांगडा, मांदेली, कोंबडी यांतही कर्बोदकं नसल्यातच जमा. शाकाहाऱ्याला पनीर आहे, सोयाबीन आहे, शेंगदाणे आहेत आणि चक्का आहे. चक्क्यात साखर घालून त्याचं श्रीखंड केलंच पाहिजे असा नियम नाही. जिरं, मीठ आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घातलेला चक्का पोट भरतो आणि साखर चढवत नाही.

आता नावडीकडे जरा सहानुभूतीनं पाहू, कारण तिला हट्ट म्हणून मोडीत काढण्याची आपल्याकडे रीत आहे. १९३१ साली अमेरिकेत आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून फेनिलथायोकार्बामाइडची भुकटी प्रयोगशाळेत उडाली. शेजारच्याचं तोंड कडू झालं, फॉक्सला कसलीच चव लागली नाही. कडूपणा जाणवणं काही अंशी जन्मजात असतं, हे कळण्याची ही सुरुवात. कोबी-मुळ्याच्या कुळातल्या भाज्या काहींना का असह्य होतात, याचं एक उत्तर इथे आहे. पण सगळी नावड जिभेत नसते. बरीचशी नावड पदार्थाच्या घडणीत असते: शिजलेल्या पालकाचा लगदा, भेंडीची तार, कोबीचा गंधकी वास, पाणी सुटलेला दुधी. गंमत अशी की हीच माणसं ताटाच्या डाव्या बाजूला वाढलेल्या वनस्पती बिनतक्रार खातात. आपल्या पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं असतं आणि उजवीकडे भाजी-आमटी. उजवीकडची मऊ शिजलेली काकडी नको म्हणणारा डावीकडची खमंग काकडी, दाण्याचं कूट आणि तुपातली जिऱ्याची फोडणी घातलेली, दोनदा मागून घेतो. मेथीची भाजी पाहून तोंड फिरवणारा घाटावरचा माणूस झुणक्यासोबत कच्च्या मेथीचा घोळाना खातो, कांद्याची पात तशीच चावतो. वांगं रस्स्यात नको असतं, खानदेशी भरितात चालतं. कच्चं, भाजलेलं, आंबट, खमंग, कुरकुरीत हवं, शिजवून मऊ केलेलं नको, इतकी साधी ती तक्रार असते. कारल्याच्या काचऱ्यांना मीठ लावून पिळून घेण्याच्या आपल्या रीतीलाही आधार आहे: मीठ कडूपणा दाबतं, आणि त्यामुळे बाकीच्या चवी वर येतात, हे ब्रेस्लिन आणि ब्यूशॅम्प यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं. दुसरी रीत म्हणजे गूळ घालणं. ती मात्र इथे सोडावी लागेल.

तेव्हा भाजी न आवडणाऱ्या मधुमेह्यानं डावी बाजू मोठी करावी. तिथे चमचाभर पडणारं वाटीभर पडावं आणि मध्यावरचा भाताचा ढीग त्या प्रमाणात आक्रसावा. क्रमही बदलायला हवा. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये २०१५ साली अल्पना शुक्ला आणि सहकाऱ्यांनी टाइप दोनचा मधुमेह असलेल्या अकरा जणांना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं. आधी भाज्या-प्रथिनं आणि मग पाव-रस घेतला, तेव्हा तासाभरानंतरची साखर उलट्या क्रमापेक्षा सुमारे ३७ टक्के कमी निघाली. अकरा माणसं म्हणजे पुरावा लहान, हे मान्य. पण आपली पंगत वरण-भातानं सुरू होते आणि कोशिंबीर भाताच्या घासाला लावून संपते, हे पाहिलं की प्रयोगातला उलटा क्रम आपण पिढ्यान्‌पिढ्या चालवतो आहोत हे ध्यानात येतं.

तंतूंचं काय, हा पहिला आक्षेप. तंतू हवेतच, ते साखरेची चढण हळू करतात आणि पोटही साफ ठेवतात. पण ते पालेभाजीची मक्तेदारी नव्हेत. १०० ग्रॅम मेथीच्या पानांत साधारण पाच ग्रॅम तंतू असतात. तेवढेच वीस ग्रॅम जवसात मिळतात, म्हणजे जवसाच्या दोन-तीन चमचे चटणीत. कारळे, तीळ, सुकं खोबरं याच पंक्तीतले. क जीवनसत्त्वासाठी अर्धा पेरू किंवा आवळा पुरे. मेटफॉर्मिन घेणाऱ्याला ज्या बी-१२ची काळजी, ते तर भाजीत नसतंच. दूध, अंडी, मासे यांत असतं. डाळींबद्दल शाकाहाऱ्यांची पंचाईत खरी आहे. १०० ग्रॅम चण्याच्या डाळीत २२ ग्रॅम प्रथिनांबरोबर ४७ ग्रॅम कर्बोदकं येतात. मात्र १५ ग्रॅम तंतूही येतात, आणि कणकेच्या मानानं हा सौदा बरा. पिठलं खावं, फक्त त्याच्यासोबत तीन भाकऱ्या खाल्ल्या तर ते पिठलं बिचारं काय करणार? भाज्या भरपूर खाणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळतात, हेही नाकारता येत नाही. म्हणूनच भाज्या शून्यावर आणा असं म्हणणं नाही. आवडीच्या रूपात चार-दोन खा, बाकीच्यांबद्दल अपराधी वाटून घेऊ नका, इतकंच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो डॉक्टरांचा आहे. मूत्रपिंडं दुखावलेली असतील तर प्रथिनं मनमानी वाढवता येत नाहीत. लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन पाहूनच ठरवावं लागतं. तूप-खोबऱ्यावर भर दिला तर काहींचं एलडीएल कोलेस्टेरॉल चढतं, तेही तपासावं. लोणचं आणि सुकट यांतलं मीठ रक्तदाब असलेल्यानं मोजावं. सगळ्यांत महत्त्वाचं औषधांचं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना कर्बोदकं एकदम तोडली तर साखर धोकादायक खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांवर असताना कर्बोदकं फारच कमी केली तर साखर फारशी न वाढताही रक्त आम्लयुक्त होण्याचा धोका असतो. तेव्हा ताट बदलण्याच्या आधी औषधाचा डोस बदलण्याची चर्चा व्हावी. हा आक्षेप माझ्या म्हणण्याला खोडत नाही, उलट त्याची ताकद सांगतो. पोळी कमी केल्यानं काही होत नसतं, तर गोळी कमी करायची वेळ कशाला आली असती?

उरतो तो घरगुती आक्षेप: एकासाठी वेगळा स्वयंपाक कुणी करायचा? परदेशी पथ्यांत हा प्रश्न खराच बिकट होतो, कारण तिथे बदामाच्या पिठाचा पाव आणि किसलेल्या फ्लॉवरचा ‘भात’ करावा लागतो. बदामाचा भाव इथे सांगायला नको, आणि ज्याला फ्लॉवर आवडत नाही त्याला तो भाताच्या वेषातही आवडत नाही. डाव्या बाजूला मात्र वेगळी चूल लागत नाही. जवसाची, कारळ्याची चटणी एकदा कुटली की आठ-पंधरा दिवस पुरते. दही रात्री टांगलं की सकाळी चक्का तयार. अंडी दहा मिनिटांत उकडतात. घरच्यांसाठी पोळ्या लाटल्या जातातच, या ताटात तीनऐवजी एक पडते. वाढीव काम म्हणाल तर रोज काकडी चोचवण्याचं, आणि ते जेवणाऱ्यानं स्वतः करावं. काकडी चोचवायला भाजी आवडावी लागत नाही.